अवघड शब्द एकटा पाठ करू नका

इंग्रजीतला जड शब्द दिसला की आपण वहीत त्याचा मराठी अर्थ लिहून मोकळे होतो. पुढे वापरायची वेळ आली की शब्द आठवत नाही, किंवा आठवतो पण भलत्याच जागी जाऊन बसतो. म्हणून शब्दाबरोबर त्याचा सोबतीही टिपून ठेवा. नुसतं 'मिटिगेट' नको, 'मिटिगेट द रिस्क' लिहा. दुखण्याबरोबर सहसा 'अलिव्हिएट' येतो. मराठीत दोन्हीकडे 'कमी करणे' चालून जातं, घोळ होतो तो तिथेच.

शब्दाचं मूळ पाहिलं तर एका कष्टात चार शब्द मिळतात. लॅटिनमध्ये 'लोक्वी' म्हणजे बोलणे. त्यातून प्रभावी बोलणारा 'इलोक्वंट', बडबड्या 'लोक्वेशस', बोलीतलं ते 'कलोक्विअल' आणि रंगमंचावरचं स्वगत म्हणजे 'सॉलिलोक्वी'.

उजळणी अंतराने करा: दुसऱ्या दिवशी, मग चार दिवसांनी, मग पंधरवड्याने. शिकलेलं सुरुवातीलाच झपाट्याने विसरतं, हे जर्मन मानसशास्त्रज्ञ हर्मान एबिंगहाउस यांनी १८८५ मध्ये स्वतःवरच्या प्रयोगांतून दाखवलं होतं. मात्र यादी नुसती वाचू नका. अर्थ झाकून आठवा, चुकलात तरी चालेल. आठवड्याला पाच-सात शब्द पुरे. रोज वीसचा संकल्प चौथ्या दिवशी गळपटतो, हा माझा स्वानुभव!

आणि हो, जिथे 'यूज' पुरतो तिथे 'युटिलाइज' घुसडू नका.