मुलांसोबत नाटकाला जाताय? तिकीट काढताना या चुका टाळा

एसटीत 5 ते 12 वर्षांच्या मुलाला अर्धं तिकीट लागतं. ती सवय इतकी अंगवळणी पडलीय की नाट्यगृहाच्या दारातही आपण तेच गृहीत धरतो. पण नाटकाला असा ठरलेला नियम नाही. मुलांना सवलत द्यायची का, कितव्या वर्षापर्यंत द्यायची, हे त्या प्रयोगाचा निर्माता किंवा गावातला आयोजक ठरवतो.

जळगावात एका प्रयोगाला दारावर पाहिलेला प्रसंग डोळ्यांसमोरून जात नाही. एक आजी नातवाला कडेवर घेऊन उभ्या होत्या. ‘धाकला शे तो, मांडीवर बसी,’ असं काकुळतीनं सांगत होत्या. दारावरच्या माणसानं फलकावरची ओळ दाखवली: तीन वर्षांवरील प्रत्येकाला तिकीट आवश्यक. पोरगं साडेचार वर्षांचं. खिडकीवर एकच तिकीट उरलेलं, तेही पुढच्या रांगेतलं, सगळ्यात महाग. पैसे मोजले, पण जागा आजीपासून आठ रांगा लांब. तिसरी घंटा झाली तरी दोघं बाहेरच.

म्हणून पैसे देण्याआधीच विचारा, दारावर नव्हे. जाहिरातीत आयोजकाचा नंबर असतो. फोन करून तीन गोष्टी स्पष्ट करून घ्या: कितव्या वर्षापासून तिकीट लागतं, मुलांना वेगळा दर आहे का, आणि मांडीवरच्या मुलाला सोडतात का. वयाचा पुरावा म्हणून मुलाच्या आधारकार्डाचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा.

दुसरी चूक म्हणजे घाईघाईत ऑनलाइन बुकिंग. नाटकाच्या 500 रुपयांपर्यंतच्या तिकिटावर जीएसटी नाही, पण ऑनलाइन घेताना सुविधा शुल्क लागतं आणि त्या शुल्कावर 18 टक्के जीएसटी. दोन मोठे, दोन लहान अशी चार तिकिटं काढली की मिळालेल्या सवलतीतला बराच भाग तिथेच जातो. नाट्यगृह जवळ असेल तर प्लॅन (खुर्च्यांचा आराखडा) उघडल्याच्या, म्हणजे तिकीटविक्री सुरू होण्याच्या दिवशी सरळ खिडकीवर जा. प्लॅन समोर ठेवून चार खुर्च्या सलग मागता येतात, शिवाय सवलतीचा विषय माणसाशी बोलता येतो. आपल्या भागात हे बोलणं फार कामाला येतं.

बाल्कनी स्वस्त असते खरी, पण कठडा लहान मुलाच्या डोळ्यांच्या रेषेत येतो आणि पोर अर्धा वेळ उभंच राहतं. खालची मागची रांग मिळाली तर मी तीच घेईन.

बालनाट्य असेल तर एकटं-दुकटं तिकीट काढण्याआधी शाळेत विचारा. पंधरा-वीस मुलं जमली की आयोजक दर कमी करायला बहुधा तयार होतात. राज्य शासनाच्या बालनाट्य स्पर्धा तर आपण विसरूनच जातो. तिथे आपल्याच मुलांच्या वयाची मुलं रंगमंचावर असतात, आणि ते पाहताना घरची पोरं ज्या उत्सुकतेनं पुढे सरकून बसतात, तसं मोठ्यांच्या नाटकाला क्वचितच होतं.

चोपडा, अमळनेर, पारोळ्याहून जळगावला येणाऱ्यांनी प्रवासाचा हिशोबही आधीच करावा. 2023 पासून एसटीत महिलांना अर्धं भाडं आहे, म्हणजे आई आणि 12 वर्षांपर्यंतचं शाळकरी मूल दोघंही अर्ध्यात येतात. मात्र रात्रीचा प्रयोग संपल्यावर बस आहे का, ते डेपोत विचारून मगच तिकीट काढा. दुपारचा प्रयोग असेल तर तोच धरा.