स्वतःची भाषा बनवायचीय? मग शब्दांची लिस्ट आधी करू नका

नवीन भाषा बनवायची म्हटलं की सगळे पहिल्यांदा वही घेऊन बसतात, पाणी म्हणजे हे, घर म्हणजे ते. मीपण तेच केलेलं, दोनशे शब्द झाल्यावर कळलं की ही तर मराठीच आहे, नुसते शब्द बदललेत.

म्हणून आधी आवाज ठरवा. दहा-बारा व्यंजनं आणि तीन-चार स्वर सुरुवातीला बास होतात. मग एखादा नियम लावा, समजा प्रत्येक शब्द स्वरावरच संपणार. आपल्या सोलापुरात पूर्व भागात जाऊन तेलुगू ऐका, इल्लु, पालु, नीळ्ळु, अर्थ कळत नसला तरी कानाला लगेच समजतं ही कुठली भाषा आहे ते. तुमच्या भाषेलाही असा स्वतःचा आवाज पाहिजे.

मग व्याकरण, आणि खरी मजा इथंच आहे. "आम्ही गड्ड्याच्या जत्रेला चाललो" म्हटलं की ऐकणारा घरीच राहिला, "आपण जाऊ" म्हटलं की तोपण आला. तेलुगूत हाच फरक मेमु आणि मनमु असा आहे, कन्नडमध्ये मात्र दोन्हीला नावु, हिंदीत दोन्हीला हम. एकाच गल्लीत हे सगळं ऐकायला मिळतं आपल्याला! तुमच्या भाषेत एक ठेवायचा की दोन, ते ठरवा. क्रियापद शेवटी की मधे, अनेकवचन कसं, लिंग हवं की नको, हेपण तसंच एकेक करून ठरवायचं.

शब्द आता, तेपण थोडेच. झामेनहॉफ नावाच्या माणसानं १८८७ मधे एस्पेरान्तो ही स्वतः बनवलेली भाषा आणली, त्यात बोना म्हणजे चांगला आणि पुढं माल लावून मालबोना म्हणजे वाईट, उलट अर्थाचा वेगळा शब्द पाठ करायलाच नको. तसंच करायचं. समजा लिमा म्हणजे सूत, सो म्हणजे त्याचं काम करणारा, कु म्हणजे जागा. लिमासो झाला विणकर, लिमाकु झाला मागाचा कारखाना. उद्या तेपा म्हणजे जेवण ठरवलं की आचारी आणि स्वयंपाकघर आपोआप तयार.

शेवटी शेंगाचटणी कशी करायची ते चार ओळीत या भाषेत लिहून बघा. कुटायला शब्द नसतो, "थोडंसं तिखट" कसं म्हणायचं सुचत नाही, आणि "घाला", "कुटा" असं सांगायचा प्रत्यय तर ठरवलेलाच नसतो. जिथं अडेल तिथं नियम बदला, पण काय बदललं आणि का, ते तारीख टाकून वहीच्या मागच्या पानावर लिहा, कारण महिन्याभरानं तो सो कशासाठी घेतला होता ते आठवत नाही.