मॉडेल रेल्वेचे वायर-जोड: या चुका टाळा

जानेवारीत सुरळीत धावणारी गाडी जुलैत एकाच वळणावर अडखळू लागली, की आधी रूळ पुसले जातात. पुसूनही फरक पडला नाही तर रूळ बसवलेल्या फळीखालचे वायरींचे जोड तपासा. गोव्यात वास्को, मिरामारसारख्या किनाऱ्याजवळच्या घरांत हवेतलं मीठ उघड्या तांब्यावर बसतं, पावसाळ्यात ओल धरतं आणि तांबं हिरवं पडतं. घट्ट दाबलेल्या जोडात ही ओल सहसा शिरत नाही, सैल जोडात हमखास शिरते.

त्यामुळे वायर पिळून वर टेप गुंडाळणं ही पहिली चूक. उकाड्यात टेपचा गोंद पाझरतो, टेप सुटते.

वायर न सोलता पक्कडीने दाबायचे कनेक्टर सोयीचे असतात, पण सगळ्यात जास्त फसवणारेही तेच. आतली खाच ठरावीक जाडीसाठी असते. वायर बारीक असेल तर ती खाचेत सैल राहते, जाड असेल तर तारा कापल्या जातात. या कनेक्टरांवर बहुधा एडब्ल्यूजी हे वायरीच्या जाडीचं अमेरिकी माप असतं आणि आपल्याकडे वायर चौरस मिलिमीटरमध्ये मिळते: १४ एडब्ल्यूजी म्हणजे सुमारे २.१, २२ म्हणजे सुमारे ०.३३. शिवाय घरगुती २.५ च्या वायरीचं आवरण जाड असतं, त्यामुळे झाकण नीट बसत नाही. एकदा काढलेला कनेक्टर पुन्हा वापरू नका.

फळीखालून जाणारी २.५ ची मुख्य वायर आणि तिच्यापासून रुळाला जाणारी ०.५ ची वायर, म्हणजे फीडर, जोडायला लिव्हरवाला कनेक्टर बरा. वॅगो २२१ मालिकेतला ४ चौरस मिलिमीटरपर्यंतचा कनेक्टर दोन्ही धरतो. वायर ११ मिलिमीटर सोला. कमी सोलली तर चिमटा आवरणावर बसतो, जास्त सोलली तर तांबं बाहेर डोकावतं. लिव्हर बंद केल्यावर प्रत्येक वायर ओढून पाहा.

स्क्रूच्या कनेक्टर पट्टीत घालण्याआधी टोकाला शिसं, म्हणजे सोल्डर, लावायची सवय अनेकांना असते. ती सोडा. दाबाखाली सोल्डर हळूहळू पसरतं आणि स्क्रू सैल होतो. त्याऐवजी टोकावर फेरूल, म्हणजे धातूची छोटी नळी, दाबा. फीडर रुळाला सोल्डर करताना राळेचा फ्लक्सच (सोल्डर नीट चिकटवणारा पदार्थ) वापरा. आम्लाची पेस्ट नंतर तांबं खात राहते.

आता तपासणी. मीटरची ‘बीप’ पुरेशी नाही, कारण त्या वेळी जोडातून नगण्य करंट जातो आणि एका तारेवर लटकलेला जोडही पास होतो. रुळांवर मोटारीच्या इंडिकेटरचा १२ व्होल्ट, २१ वॅटचा बल्ब थोडा वेळ लावा. बल्ब पेटलेला असताना मीटरची एक पिन मुख्य वायरीवर आणि दुसरी त्याच रुळाच्या फीडरवर टेकवा. डीसीसी (डिजिटल नियंत्रण) असेल तर मीटर एसीवर ठेवा. आकडा अचूक नसला तरी जोडांची तुलना होते. एखाद्या जोडावर ०.१ व्होल्टहून जास्त दिसलं तर तो कापून नव्याने करा. शेवटी प्रत्येक भागात रुळांवर रुपयाचं नाणं आडवं ठेवा. रुळांना वीज देणारा बूस्टर तत्काळ बंद पडला पाहिजे. पडला नाही तर १५ व्होल्ट, ५ अँपिअरच्या यंत्रणेत ७५ वॅटपर्यंत उष्णता एखाद्या कमकुवत जोडात साठते, आणि प्लास्टिक वितळायला तेवढी पुरते.

चवथीच्या सजावटीसाठी फळ्या सुट्या करायच्या असतील तर मधे उलटा न बसणारा प्लग घ्या, सॉकेट पुरवठ्याच्या बाजूला ठेवा. घरातला दोन पिनांचा प्लग मात्र अजिबात नको. पाहुण्यांच्या गर्दीत तो भिंतीतल्या २३० व्होल्टमध्ये कोण खोचेल, सांगता येत नाही.