दोन दिवसांची गैरहजेरी, चार दिवसांचे आजारपण: अमेरिकेतील रजा विभागातला माझा अनुभव

पुण्यातल्या एका कारखान्याच्या मनुष्यबळ विभागात सहा वर्षे काम करून मी न्यू जर्सीत आले, तेव्हा आजारपणाच्या रजेचा निर्णय म्हणजे डॉक्टरांचा दाखला पाहायचा, शिल्लक रजा तपासायची आणि सही करायची, एवढेच मला ठाऊक होते. इथल्या गोदामाच्या कंपनीत रुजू झाल्यावर १९९३ च्या फॅमिली अँड मेडिकल लीव्ह ॲक्टशी, म्हणजे कौटुंबिक आणि वैद्यकीय रजेच्या अमेरिकी केंद्रीय कायद्याशी (एफएमएलएशी) गाठ पडली. या क्षेत्रात नव्याने येणाऱ्या मराठी मंडळींसाठी त्यातल्या एकाच प्रश्नाबद्दल लिहीत आहे: चार-पाच दिवसांचे आजारपण या कायद्याच्या संरक्षणात बसते की नाही, हे कसे ठरवायचे.

पात्रतेचा भाग सोपा आहे. कामाच्या ठिकाणापासून ७५ मैलांच्या आत कंपनीचे किमान ५० कर्मचारी असावे लागतात, कर्मचाऱ्याची नोकरी १२ महिन्यांची झालेली असावी लागते आणि रजेपूर्वीच्या १२ महिन्यांत त्याने १,२५० तास काम केलेले असावे लागते. अशा कर्मचाऱ्याला वर्षात १२ आठवड्यांपर्यंत बिनपगारी रजा मिळते. त्या काळात त्याची नोकरी आणि आरोग्य विमा सुरक्षित राहतो. खरी कसोटी आजार ‘गंभीर’ आहे का ही आहे, आणि हा शब्द आपण बोलण्यात वापरतो त्या अर्थाने कायद्यात येत नाही.

पहिल्याच वर्षी माझ्या हातून जी चूक झाली, ती सांगते. एका कर्मचाऱ्याने शुक्रवारी आणि सोमवारी फोन करून ‘बरे नाही’ एवढेच कळवले आणि मंगळवारी तो कामावर आला. मी दोन दिवसांची गैरहजेरी मांडली. कंपनीच्या नियमानुसार त्याच्या नावावर गैरहजेरीचे दंडात्मक पॉइंट चढले आणि त्याला लेखी ताकीद गेली. नुसते ‘बरे नाही’ म्हटल्याने कायद्याचा प्रश्न उभा राहत नाही, हे खरे. परंतु मंगळवारीच त्याने आपल्या सुपरवायझरला डॉक्टरांचे आणि औषधांचे सांगितले होते, आणि ते आमच्यापर्यंत पोहोचलेच नव्हते. कर्मचाऱ्याने ‘एफएमएलए’ हा शब्द उच्चारण्याची गरज नसते. अशी माहिती कानावर आल्यावर पुढची चौकशी करणे मालकाचे काम असते.

माझ्या वरिष्ठ सहकारी बाईंनी मला एकच प्रश्न विचारला, ‘शनिवारी-रविवारी त्याची तब्येत कशी होती?’ कायदा कामाचे दिवस मोजत नाही, कॅलेंडरचे मोजतो: सलग तीन पूर्ण दिवसांहून अधिक काळ माणूस काम किंवा रोजचे व्यवहार करू शकत नसला पाहिजे. गुरुवारी रात्री ताप चढलेला तो माणूस सोमवारपर्यंत अंथरुणातच होता, म्हणजे पूर्ण चार दिवस भरत होते.

दिवस भरले तरी उपचाराची अट उरतेच. आजारपणाच्या पहिल्या दिवसापासून सात दिवसांच्या आत डॉक्टरांची प्रत्यक्ष भेट व्हावी लागते. शिवाय एकतर आजारपणाच्या पहिल्या दिवसापासून ३० दिवसांच्या आत दुसरी भेट हवी, किंवा पहिल्याच भेटीत डॉक्टरांच्या देखरेखीखालचा पुढचा औषधोपचार सुरू झालेला हवा. हा कर्मचारी शनिवारी अर्जंट केअरमध्ये, म्हणजे तातडीच्या उपचारांच्या दवाखान्यात गेला होता, तिथे स्ट्रेप थ्रोटचे (घशाच्या जिवाणूसंसर्गाचे) निदान होऊन दहा दिवसांचे अँटिबायोटिक मिळाले होते. आम्ही त्याला प्रमाणपत्राचा फॉर्म दिला. तो डॉक्टरांकडून भरून आणायला किमान १५ दिवस द्यावे लागतात. फॉर्म आल्यावर रजा मागील तारखेने संरक्षित ठरवली, पॉइंट पुसले आणि ताकीद मागे घेतली. त्या चार दिवसांबद्दल एक साधा प्रश्न न विचारल्यामुळे त्या माणसाने काही आठवडे नोकरीची धास्ती बाळगली, याचे मला आजही वाईट वाटते.

याच्या उलट प्रकरण पुढच्या हिवाळ्यात आले. फ्लूने पाच दिवस आजारी असलेल्या एका महिलेला डॉक्टरांनी विश्रांती, भरपूर पाणी आणि दुकानात सहज मिळणारी तापाची गोळी एवढेच सांगितले होते, आणि दुसरी भेट झालीच नव्हती. डॉक्टरांकडे न जाताही जे करता आले असते, तेवढ्याने औषधोपचाराची अट पुरी होत नाही. मात्र ‘फ्लू म्हणजे नाही’ असे आजाराच्या नावावरून ठरवणेही चूक आहे. तोच फ्लू गुंतागुंतीचा झाला किंवा वरच्या अटी पुऱ्या करत असला, तर तो बसतो. दमा किंवा मायग्रेनसारख्या जुनाट आजारांचे नियम वेगळे आहेत. तिथे एका दिवसाची गैरहजेरीही संरक्षित असू शकते.

अर्धवट फॉर्म आला, तर काय कमी आहे ते लेखी कळवून सात दिवस द्या, आणि डॉक्टरांशी बोलायची वेळ आली तर तो फोन कर्मचाऱ्याच्या थेट सुपरवायझरला कधीही करू देऊ नका. कायद्यानेच त्याला मनाई आहे.

त्या महिलेची रजा एफएमएलएमध्ये बसली नाही, तरी फाइल तिथे बंद झाली नाही. न्यू जर्सीच्या कायद्यानुसार दर ३० तासांच्या कामामागे एक तास, वर्षाला ४० तासांपर्यंत, पगारी आजारपणाची रजा साठते. तिचे पाचही दिवस त्यातून गेले आणि तिच्या नावावर एकही पॉइंट चढला नाही.