अमेरिकेतील राज्य परीक्षेचा अहवाल कसा वाचावा आणि त्यावरून मुलाची कॉलेजची तयारी कशी जोखावी

अमेरिकेत ज्यांची मुले पब्लिक स्कूलमध्ये, म्हणजे सरकारी खर्चाने चालणाऱ्या मोफत शाळेत शिकतात, त्या पालकांच्या हाती वर्षातून एकदा राज्य परीक्षेचा दोन-चार पानी अहवाल येतो. आपल्यापैकी बहुतेकांची नजर दहावी-बारावीच्या बोर्डाच्या निकालावर तयार झालेली असल्यामुळे आपण त्यात टक्के शोधतो, ते सापडत नाहीत, मग एखाद्या रंगीत पट्टीवर ‘अपेक्षा पूर्ण’ अशा अर्थाचे शब्द दिसले की समाधानाने कागद बाजूला ठेवतो. मीही काही वर्षे तेच केले. त्या अहवालात कामाची माहिती पुष्कळ असते, परंतु ती काय सांगते आणि काय सांगत नाही हे ठाऊक असल्याशिवाय तिचा उपयोग होत नाही. विशेषतः मूल कॉलेजसाठी तयार आहे की नाही, हा प्रश्न या एका कागदावर सोडवता येत नाही. तो कागद, शाळेतील विषयांची निवड, वर्गातील ग्रेड आणि अकरावीतील परीक्षा या चारही गोष्टी शेजारी शेजारी ठेवाव्या लागतात.

प्रथम ही परीक्षा कोठून आली ते पाहू. १० डिसेंबर २०१५ रोजी संमत झालेल्या ‘एव्हरी स्टुडंट सक्सीड्स ॲक्ट’ या संघीय कायद्यानुसार प्रत्येक राज्याला तिसरी ते आठवीपर्यंत दरवर्षी आणि नववी ते बारावीच्या दरम्यान एकदा इंग्रजी वाचन व गणिताची परीक्षा घ्यावी लागते. विज्ञानाची परीक्षा प्राथमिक, माध्यमिक आणि उच्च माध्यमिक अशा प्रत्येक टप्प्यात एकदा असते. त्याआधीच्या ‘नो चाइल्ड लेफ्ट बिहाइंड’ कायद्यातही अशीच सक्ती होती. परीक्षा कोणती, उत्तीर्णतेची रेषा कोठे आणि निकालाचे शब्द कोणते, हे मात्र प्रत्येक राज्य स्वतः ठरवते. कायद्याचा मुख्य हेतू शाळांचा हिशेब तपासणे हा आहे, एकेका मुलाचे भवितव्य ठरवणे हा नाही, आणि अहवाल वाचताना ही गोष्ट सतत लक्षात ठेवावी लागते.

आपल्या राज्याचे शब्द आधी समजून घ्या

एकाच अर्थाचे वाटणारे शब्द वेगवेगळ्या राज्यांत वेगळ्या उंचीवर उभे असतात. टेक्सासच्या ‘स्टार’ परीक्षेत चार पातळ्या आहेत : ‘डिड नॉट मीट’, ‘अप्रोचेस’, ‘मीट्स’ आणि ‘मास्टर्स’. यांतील ‘अप्रोचेस’, म्हणजे इयत्तेच्या पातळीच्या जवळ पोहोचणारा, ही दुसरी पातळीच तेथे उत्तीर्ण मानली जाते. म्हणजे ज्या मुलाला पुढील इयत्तेत टिकण्यासाठी नेमकी मदत लागेल असे राज्य स्वतः म्हणते, तेच मूल कागदावर पास असते. पालकांनी पास या शब्दावर न थांबता मूल ‘मीट्स’च्या वर आहे का ते पाहावे. (२०२५ मध्ये टेक्सासच्या विधिमंडळाने २०२७-२८ पासून ‘स्टार’ऐवजी वर्षातून तीन लहान परीक्षा घेण्याचा कायदा केला आहे, लहान मुलांच्या पालकांनी हे बदल लक्षात ठेवावेत.) न्यू जर्सीत २०२५ पर्यंतच्या अहवालांत गुण ६५० ते ८५० या पट्टीवर, पाच पातळ्यांत दिले जात आणि ७५० पासून अपेक्षा पूर्ण झाली असे मानले जाई. फ्लोरिडात पाचपैकी तिसरी पातळी ही इयत्तेची पातळी आहे. त्यामुळे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात बदली झाली, की जुन्या अहवालातील शब्द नव्या शाळेत जसेच्या तसे लावू नयेत.

पदवीसाठी, म्हणजे हायस्कूल डिप्लोमासाठी, ही परीक्षा उत्तीर्ण होणे आवश्यक आहे का, याचे उत्तरही राज्यागणिक बदलते आणि ते सध्या झपाट्याने बदलत आहे. मॅसॅच्युसेट्समध्ये २००३ च्या तुकडीपासून ‘एमकॅस’ ही तेथील राज्य परीक्षा उत्तीर्ण होण्याची अट होती. नोव्हेंबर २०२४ मध्ये तेथील मतदारांनी ती काढून टाकली. शेजारच्या घरातील मोठ्या भावाचा अनुभव विचारून निर्णय घेण्यापेक्षा समुपदेशकाला, ज्यांना येथे कौन्सेलर म्हणतात, आपल्या मुलाच्या तुकडीला लागू असलेला नियम विचारावा.

अहवाल वाचण्याचा क्रम

अहवालात मोठ्या टाइपात छापलेला आकडा हा स्केल स्कोअर असतो. तो टक्के नव्हे, आणि किती प्रश्न बरोबर आले याचा थेट आकडाही नव्हे. परीक्षेचे निरनिराळे संच कमी-अधिक अवघड असल्यामुळे त्यांचा मेळ घालून तो काढलेला असतो. परसेंटाइल दिलेला असेल तर तो मुलाने किती जणांना मागे टाकले एवढेच सांगतो. सगळेच मागे असतील तर साठावा परसेंटाइलही दिलासा देण्याजोगा नसतो, म्हणून कॉलेजच्या तयारीचा विचार करताना परसेंटाइलपेक्षा पातळी महत्त्वाची आहे.

त्यानंतर गुणांच्या शेजारी दिलेली कमी-अधिकची मर्यादा पाहावी. कोणतीही परीक्षा अचूक तराजू नसते. तेच मूल पुढच्या आठवड्यात पुन्हा बसले तर त्याचे गुण काही अंकांनी वर-खाली होतील, आणि ती शक्यता बहुतेक अहवालांत छोट्या पट्टीने किंवा अधिक-उणे चिन्हाने दाखवलेली असते. समजा रेषा ७५० वर आहे आणि मुलाला ७४७ मिळाले आहेत. ७४७ आणि ७५३ मिळवणाऱ्या मुलांत खरा फरक आहे असे या परीक्षेच्या आधारे म्हणता येत नाही, तरीही अहवालावर एकाला ‘जवळ पोहोचला’ आणि दुसऱ्याला ‘पूर्ण’ असे लिहून येते. रेषेच्या दोन्ही बाजूंच्या अशा मुलांना सारखीच मदत हवी असते. घरात बोलणी मात्र एकालाच खावी लागतात, आणि हे अन्यायाचे आहे.

सर्वांत कामाचा भाग बहुधा दुसऱ्या पानावर असतो, आणि मी तोच वर्षानुवर्षे वाचला नव्हता. तेथे विषयाचे उपविभाग दिलेले असतात : वाचनात कथात्मक मजकूर, माहितीपर मजकूर, शब्दसंग्रह, लेखन, गणितात मुख्य आशय, तर्क मांडणे, व्यवहारातील उदाहरणे, अशी काहीशी वाटणी असते. माझ्या मुलीच्या सातवीच्या अहवालात गणिताची एकूण पातळी चांगली होती, फक्त मुख्य आशयापुढे मध्यम चिन्ह होते. शाळेत विचारल्यावर शिक्षिकेने सांगितले की सातवीच्या मुख्य आशयात गुणोत्तर आणि प्रमाण यांना मोठे स्थान आहे. त्या रात्री मी तिला एकच उदाहरण दिले : तीन भिंतींना चार डबे रंग लागतो, तर दहा भिंतींना किती? तिने क्षणाचाही विचार न करता अकरा लिहिले. भिंती सातने वाढल्या, म्हणून तिने डबेही सातने वाढवले होते. उत्तर तेरा आणि एक तृतीयांश यायला हवे होते. बेरीज तिची पक्की होती, पण जेथे गुणाकाराने विचार करायचा तेथे ती बेरजेने करत होती, आणि गृहपाठातील साच्याबद्ध उदाहरणांत ही चूक झाकली जात होती. आठवीतील रेषेचा चढ, नववीतील अल्जेब्रा वन आणि पुढे कॉलेजच्या पहिल्या वर्षाचे संख्याशास्त्र, हे सारे याच कल्पनेवर उभे असते. आम्ही सहा आठवडे रोज दोन-दोन उदाहरणे तोंडी सोडवली; कोणताही क्लास लावावा लागला नाही.

म्हणून माझी पद्धत अशी आहे : सर्वांत कमकुवत उपविभाग निवडावा, त्या विभागात नेमके कोणते घटक येतात ते शिक्षकांकडून लिहून घ्यावे, आणि मुलाला एखादे साधे उदाहरण देऊन ते कसे विचार करते हे शांतपणे पाहावे. परीक्षा वसंत ऋतूत होते आणि निकाल येईपर्यंत मूल बहुधा पुढच्या इयत्तेत गेलेले असते, त्यामुळे अहवाल मागील वर्षाच्या शिक्षकांपेक्षा नव्या शिक्षकांपुढे ठेवणे अधिक उपयोगाचे ठरते.

आणखी एक गोष्ट. कॅलिफोर्नियासह अनेक राज्यांत वापरली जाणारी ‘स्मार्टर बॅलन्स्ड’ परीक्षा संगणकावर होते आणि मुलाच्या उत्तरांनुसार पुढचा प्रश्न सोपा किंवा कठीण होतो. हुशार मुलालाही ती कठीणच वाटते. पेपर अवघड गेला असे मूल घरी येऊन म्हणाले, तर त्यावरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

अकरावीत काय पाहावे

कॉलेजच्या तयारीविषयी काही ठोस म्हणता येते ते येथे. पूर्वी कॅलिफोर्नियाच्या अकरावीच्या परीक्षेत सर्वोच्च पातळी गाठणारा विद्यार्थी कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटीच्या इंग्रजी व गणिताच्या अभ्यासक्रमांसाठी तयार मानला जात असे, आणि त्याखालच्या पातळीला ‘सशर्त तयार’ म्हणत. ती शर्त म्हणजे बारावीत त्या विषयाचा योग्य अभ्यासक्रम पूर्ण करणे. आज तेथे ग्रेड आणि घेतलेले विषयही जमेस धरले जातात, परंतु त्या शर्तीमागचा विचार सर्वत्र लागू आहे : बारावीत गणित सोडू नये. तीन वर्षांची अट पूर्ण झाली म्हणून अनेक मुले शेवटच्या वर्षी गणित घेत नाहीत, आणि पंधरा महिन्यांच्या खंडानंतर कॉलेजच्या प्लेसमेंट परीक्षेला, म्हणजे कोणत्या पातळीच्या वर्गात बसायचे हे ठरवणाऱ्या परीक्षेला, बसतात. या एका निवडीने जितके नुकसान होते तितके राज्य परीक्षेतील दहा-वीस गुणांनी होत नाही.

काही राज्यांत हायस्कूलची राज्य परीक्षा म्हणून एसएटी किंवा एसीटी या कॉलेज प्रवेशासाठीच्या देशव्यापी परीक्षांपैकी एकच घेतली जाते. इलिनॉयने २०२५ मध्ये एसएटीकडून एसीटीकडे मोर्चा वळवला. ती शाळेच्या वेळेत, शाळेतच आणि विनाशुल्क होते, म्हणून ती गांभीर्याने द्यावी. या परीक्षांना स्वतःच्या तयारी-रेषा आहेत. एसएटीत वाचन-लेखनासाठी ४८० आणि गणितासाठी ५३० हे गुण म्हणजे संबंधित विषयाच्या पहिल्या सत्रात किमान ‘सी’ मिळण्याची शक्यता सुमारे ७५ टक्के, असा त्यांचा अर्थ आहे. एसीटीत इंग्रजी १८, गणित २२, वाचन २२ आणि विज्ञान २३ या रेषा आहेत. नेमक्या रेषेवर असलेल्या चार मुलांपैकी सुमारे एक ‘सी’पर्यंत पोहोचत नाही, हेही त्या ७५ टक्क्यांत आहे. या रेषा प्रवेशाच्याही नव्हेत. नामांकित विद्यापीठांना याहून बरेच अधिक गुण लागतात, तर युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्निया आणि कॅलिफोर्निया स्टेट युनिव्हर्सिटी प्रवेशासाठी या परीक्षांचे गुण पाहतच नाहीत.

तयारी-रेषेचा खरा उपयोग एका खर्चिक अडचणीतून वाचण्यासाठी आहे. जे विद्यार्थी तयार ठरत नाहीत, त्यांना अनेक कॉलेजांत रेमिडियल वर्गात, म्हणजे शाळेतील कच्चा राहिलेला भाग पुन्हा शिकवणाऱ्या वर्गात, बसावे लागते. त्या वर्गाची फी भरावी लागते, पण पदवीसाठी त्याचे क्रेडिट मिळत नाही. टेक्सासमध्ये एसएटीच्या वरील दोन्ही रेषा ओलांडणाऱ्या विद्यार्थ्याला सरकारी कॉलेजांची ‘टीएसआय’ तयारी परीक्षा द्यावी लागत नाही. आपल्या राज्यातील कम्युनिटी कॉलेज नेमके काय पाहते, हे अकरावीच्या हिवाळ्यातच कौन्सेलरला विचारून ठेवावे, म्हणजे बारावीचे विषय त्यानुसार निवडता येतात.

मराठी घरांसाठी दोन विशेष बाबी

शाळेत नाव घालताना घरातील भाषेविषयी एक अर्ज भरावा लागतो. तेथे मराठी लिहिले की मुलाची इंग्रजीची प्राथमिक चाचणी होते आणि गरज आढळल्यास त्याला इंग्रजी शिकणारा विद्यार्थी म्हणून मदत व दरवर्षी वेगळी भाषाचाचणी मिळते. मूल अशा विद्यार्थ्यांच्या यादीत अडकेल या भीतीने काही पालक तेथे इंग्रजी लिहितात. तसे करू नये. खरे लिहावे, कारण नुकत्याच आलेल्या मुलाला ती मदत मिळणे हा त्याचा हक्क आहे. मात्र मूल अनेक वर्षे त्याच यादीत राहिले असेल, तर त्यातून बाहेर पडण्याचे निकष काय आणि ते कोठे कमी पडते, हे लेखी विचारावे, कारण त्या तासांमुळे हायस्कूलमध्ये पुढचे विषय घ्यायला वेळ उरत नाही.

दुसरी बाब सवलतींची. मुलाला आयईपी किंवा ५०४ योजना (अपंगत्व किंवा शिकण्यातील अडचण असलेल्या मुलासाठी शाळेने केलेली लेखी योजना) असेल तर जास्तीचा वेळ, स्वतंत्र खोली अशा सवलती त्या कागदात स्पष्ट लिहिलेल्या असाव्यात आणि त्या वर्गातील परीक्षांतही वापरल्या जात असाव्यात. एसएटी व एसीटीसाठी त्यांची मंजुरी वेगळी घ्यावी लागते आणि तिला काही आठवडे लागतात. त्यामुळे हे काम दहावीतच सुरू करावे.

परीक्षेतून मुलाला वगळावे का, असेही पालक विचारतात. कॅलिफोर्नियात पालकांनी लेखी कळवल्यास शाळेला ते मान्य करावे लागते, टेक्सासमध्ये तशी तरतूद नाही. ज्या राज्यांत हा पर्याय आहे तेथेही, मुलाला खरोखर त्रास होत नसेल तर मी तो सुचवणार नाही. फुकट मिळणारे दुसरे पान आपणच नाकारण्यासारखे ते होते.

सर्व वर्षांचे अहवाल एका फायलीत ठेवावेत. एखादा हरवला असेल तर विद्यार्थ्यांच्या शालेय नोंदींविषयीच्या १९७४ च्या ‘फर्पा’ या संघीय कायद्यानुसार शाळेने पालकांच्या विनंतीनंतर ४५ दिवसांच्या आत नोंदी पाहू द्याव्या लागतात. मूल १८ वर्षांचे झाले किंवा कॉलेजात दाखल झाले की हा अधिकार पालकांकडून मुलाकडे जातो, म्हणून अपुरी फाइल मुलाच्या अठराव्या वाढदिवसाआधी पूर्ण करून घ्यावी.