फिल्टर करताना शून्य गाळू नका

अ‍ॅरेमधल्या (मूल्यांच्या यादीतल्या) रिकाम्या नोंदी काढायला जावास्क्रिप्टमध्ये बरेच जण फिल्टरला सरळ 'बूलियन' (मूल्य खरं धरायचं की खोटं ते सांगणारं फंक्शन) देऊन मोकळे होतात. एका शब्दात काम होतं खरं, पण नल (मूल्य नाही) आणि अनडिफाइन्ड (मूल्य दिलेलंच नाही) यांच्याबरोबर ०, रिकामी स्ट्रिंग (मजकूर) आणि फॉल्सही उडतात.

समजा पाच जणांचे गुण आहेत: ४२, ०, नल, ३७, ०. नल म्हणजे गैरहजर आणि ० म्हणजे परीक्षा देऊन मिळालेलं शून्य. बूलियन लावलं की उरतात फक्त ४२ आणि ३७. सरासरी १९.७५ यायला हवी, ती येते ३९.५! एररही दिसत नाही, म्हणून ही चूक पटकन सापडत नाही.

नुसत्या संख्या हव्या असतील तर फिल्टरला 'नंबर डॉट इजफायनाइट' द्या. शून्य टिकतं, नल, अनडिफाइन्ड आणि नॅन ('संख्या नाही' असं मूल्य) जातात. इतर अ‍ॅरेंसाठी 'घटक नल नसावा' अशी स्पष्ट अट लिहा. एरवी मी तीन चिन्हांच्या (!==) काटेकोर तुलनेचा आग्रह धरतो, पण इथे दोन चिन्हांचीच (!=) हवी. ती अनडिफाइन्डलाही गाळते.

आणि हो, अ‍ॅरो फंक्शनला (बाणाच्या चिन्हाने लिहिलेल्या छोट्या फंक्शनला) महिरपी कंस दिलात तर आत रिटर्न लिहाच. नाहीतर हाती येईल रिकामा अ‍ॅरे.