द्राक्षाचा रीफर भरताना या चुका टाळा

रॉटरडॅमला रीफरचं, म्हणजे माल गार ठेवणाऱ्या कंटेनरचं, दार उघडलं आणि द्राक्षांचे देठ तपकिरी निघाले, की आपलं पहिलं बोट जहाजाकडे जातं. कधी दोष जहाजाचा असतोही. पण माझं मत विचाराल, तर नाशिकच्या पिंपळगाव-दिंडोरीकडच्या बहुतेक तक्रारींचं मूळ कंटेनरचं दार लागायच्या आधीच सापडतं. त्यात 2023 च्या अखेरीपासून तांबड्या समुद्राची वाट धोक्याची झाली, जहाजं केप ऑफ गुड होपला वळसा घालू लागली आणि प्रवास लांबला. पूर्वी खपून जाणारी चूक अशा लांब फेरीत खपत नाही.

देठ सुकले असतील तर आधी तोडणीची वेळ तपासा. मण्यात पाणी भरपूर, देठात कमी, म्हणून उन्हात पडलेल्या घडाचं नुकसान देठावर आधी दिसतं. सकाळी लवकर तोडणी, क्रेट सावलीत, सहा तासांच्या आत प्री-कूलिंग (पेट्यांमधून गार हवा खेचून माल झटपट गार करणं), हे सगळ्यांना पाठ आहे. बिघडतं ते गाडी पूर्ण भरायची वाट बघण्यात. तोडणी दहाला उरकते, गाडी हलते दीडला. छोट्या गाडीने दोन फेऱ्या मारा. भाडं जास्त पडेल, तरी परवडतं.

खरी फसगत प्री-कूलिंगमध्ये. भिंतीवरचा आकडा 1 अंश दाखवतो आणि पॅलेटच्या, म्हणजे पेट्यांच्या थप्पीच्या, मधल्या पेटीतला मणी अजून 8 वर असतो. टोकदार थर्मामीटर त्या मधल्या मण्यात खुपसा, पंख्यासमोरच्या नव्हे. मणी 4 अंशांखाली आल्यावरच माल कोल्ड स्टोरेजला हलवा आणि 0 ते 1 वर आल्यावरच कंटेनरमध्ये भरा. पॅलेटवर ओढलेली ताडपत्री सैल राहिली की हवा पेटीच्या भोकांतून न जाता बाजूने निसटते, पंखा नुसता वीज खातो.

रीफर माल गार करत नाही, गार माल गार ठेवतो. ‘वाटेत होईल गार’ म्हणून भरलेला माल गार होत नाही. गार हवा फरशीच्या खाचांतून येते, पेट्यांमधून वर चढते आणि छताखालून मशीनकडे परतते. म्हणून कंटेनरच्या भिंतीवरच्या लाल रेषेच्या वर पेटी नको. दाराजवळ फरशी उघडी राहिली तर ती पुठ्ठ्याने झाका, नाहीतर हवा तिथूनच वर सटकते.

कंटेनर आधी चालवून गार करून ठेवा, हा सल्ला सर्रास मिळतो. कोल्ड स्टोरेज आणि कंटेनर यांच्यात बंदिस्त, गार जोड असेल तरच तो बरोबर. उघड्या प्लॅटफॉर्मवर गार भिंतींना बाहेरची हवा लागते आणि पाणी सुटतं. भरताना मशीन बंदच असू द्या.

हे पाणी पेटीत बुरशी रोखायला ठेवलेल्या पॅडलाही नडतं. सल्फर पॅड ओलाव्यावर गॅस सोडतो. गरम किंवा दमट माल लायनरमध्ये (पेटीतल्या प्लास्टिकच्या पिशवीत) बंद केला की गॅस एकदम सुटतो आणि देठाजवळ मणी पांढुरके पडतात. उलट करडी बुरशी दिसली, तर पॅडचा जोर प्रवास संपण्याआधीच ओसरला असावा. लांब फेरीला जास्त दिवस टिकणारा पॅड घ्या.

मशीनच्या तापमानाच्या सेटिंगमध्ये उणे चिन्ह किंवा दशांश चुकतो. उणे 0.5 चं 5 होतं, कोणाच्या लक्षात येत नाही. बुकिंगचा कागद हातात धरून मशीनवरचा आकडा स्वतः वाचा, फोटो काढा. ट्रेलरवरच्या, रस्त्यात रीफरला वीज देणाऱ्या जेनसेटचं डिझेलही बघा. कसारा घाट आणि जेएनपीटी बंदराच्या गेटवरची रांग धरून हिशेब करा.

रेसिड्यूबद्दल, म्हणजे मालात उरणाऱ्या फवारणीच्या अंशाबद्दल, इतकंच: 2010 मध्ये क्लोरमेक्वाट या वाढ रोखणाऱ्या रसायनाच्या अंशामुळे आपली द्राक्षं युरोपात अडकली होती. शेवटची फवारणी आणि तोडणी यांच्यातले दिवस पाळलेत की नाही, हे बागेच्या नोंदवहीतून बघा, आठवणीवर नको.

तापमान नोंदवणारा डेटा लॉगर दाराकडच्या पॅलेटमध्ये ठेवा, मशीनजवळ ठेवलेला नेहमी चांगलंच सांगतो. तक्रार आली की फोटो बघून लगेच सूट देऊ नका, आधी लॉगरचा आलेख मागवा. रेषा पहिल्या दिवसापासूनच वर असेल तर माल गरम भरला गेला. मध्येच उंचवटा असेल तर तारीख जुळवा: घाट, बंदर की जहाज बदलताना? मग शिपिंग लाइनला लेखी कळवा आणि सर्व्हेअर येईपर्यंत तिकडे पेट्या निवडायला घेऊ देऊ नका.